इस्कंदरियेचं तोंड समुद्राकडे

माझा धंदा काय हे सांगितलं की लोक आधी हसतात. मी अजून न बांधलेल्या इमारती बनवते. दुबईत एखादा टॉवर जमिनीतून वर येण्याच्या कितीतरी आधी त्याचं मॉडेल काचेच्या पेटीत उभं राहतं. पायथ्याशी निळा तलाव, स्पंजाची हिरवी झाडं, दिव्यांनी उजळलेल्या खिडक्या आणि तांदळाएवढी माणसं. लोक त्या पेटीभोवती फिरतात, बोट दाखवून आपला मजला निवडतात आणि सही करतात. ती पेटी आमच्या अल कूझच्या वर्कशॉपमधून गेलेली असते. तीन-चार वर्षांनी खरी इमारत उभी राहिली की गाडीतून जाताना मी लेकीला दाखवते, ही आधी आपण केली होती. लेक फोनमधून डोकं वर न काढता म्हणते, "आई, यू से दॅट अबाउट हाफ ऑफ दुबई." मी तसं म्हणते, कारण निम्म्या दुबईबद्दल ते खरंच आहे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

ही विद्या मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. लग्न होऊन अकोल्याहून इथे आले आणि डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका खोलीच्या घरात पहिल्या गणपतीला मी थर्माकोलचं मखर केलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन घरांची मखरं केली, तिसऱ्या वर्षी मराठी मंडळाचं. मंडळासाठी चार थरांचा रायगड केला होता, मागे निळ्या कापडाचं आकाश. तो बघून बांधकाम कंपनीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, टॉवर कराल का? मी हो म्हणाले. टॉवर कसा करतात हे मला माहीत नव्हतं, पण रायगड तरी कुठे माहीत होता. नवऱ्याला काँट्रॅक्टिंगचा अनुभव होता आणि सावंतवाडीचे एक मिस्त्री ओळखीचे होते, ज्यांच्या घरात तीन पिढ्या लाकडी फळं आणि खेळणी घडवण्यात गेल्या होत्या. असं आमचं वर्कशॉप सुरू झालं. मखरवाली बाई म्हणून मागून हसणारे तेव्हा पुष्कळ होते. आता तेच कोटेशन मागायला येतात.

गेल्या वर्षी अबुधाबीच्या खलिफा सिटीतून एक गृहस्थ आले. मूळचे इजिप्तचे, पण शाळा-कॉलेज सगळं इथेच झालेलं. त्यांना टॉवर नको होता, शहर हवं होतं. त्यांच्या आईचं शहर, अलेक्झांड्रिया. अरबीत त्याला इस्कंदरिया म्हणतात, आणि एकदा ते नाव जिभेवर बसलं की इंग्रजी नाव फिकं वाटायला लागतं.

आईंचं वय ऐंशीच्या घरात. हृदय असं की डॉक्टर विमानात बसू देत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे डोळे चालले होते. डोळ्यांच्या मधोमध धुकं साठलं होतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं आणि तेही आता थोड्याच महिन्यांचं होतं. त्या म्हणाल्या होत्या की दृष्टी जायच्या आत एकदा माझं शहर बघायचंय. मुलाने मोठ्या पडद्याचा टीव्ही आणला, फिल्म लावल्या. पडद्यावरचं त्यांना दिसेना. टेबलावर मांडलेलं, वाकून, मान तिरकी करून बघता येईल असं शहर हवं होतं. मुलाने मला विचारलं, आजवर असं काही केलंय का? मी म्हटलं, नाही, म्हणूनच करते.

आजवर मी फक्त अजून न जन्मलेल्या इमारती केल्या होत्या. तेवीसशे वर्षांचं शहर पहिल्यांदाच हाताशी येत होतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला हे दहा वेळा सांगितलं असेल.

मग माझ्या शनिवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळी डिस्कव्हरी गार्डन्सहून निघायचं, तासाभरात खलिफा सिटी. त्यांच्या व्हिलातल्या मागच्या खोलीत आई खुर्चीत बसलेल्या असायच्या, पांढरे केस नीट बांधलेले, कानात मोती. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणाले तर त्यांनी हात झटकला. मला तांत म्हण, म्हणाल्या. त्यांच्या शहरात मावशी, काकू, शेजारीण, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला तांत म्हणतात. शब्द फ्रेंचांचा. फ्रेंच गेले, शब्द राहिला. त्या मला 'या बिंती' म्हणायच्या, म्हणजे गं पोरी. पन्नाशीला आलेल्या बाईला कुणी पोरी म्हणणारं उरलेलं नसतं, त्यामुळे मला ते फार गोड लागायचं.

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मध्ये मध्ये माझं मोडकं अरबी. तांत नन्सच्या शाळेत शिकलेल्या. घरात अरबी, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी, खालच्या मजल्यावरच्या ग्रीक बेकरीवाल्याशी ग्रीक, शिंपी इटालियन. तुम्हाला किती भाषा येतात, असं मी विचारलं तर म्हणाल्या, भाषा एकच येते, इस्कंदरियेची, तिच्यात हे सगळं असतं. पुढे त्या लहान असतानाच ही सगळी माणसं एकेक करून निघून गेली. काही मनाने गेली, काहींना जावं लागलं. बेकरीवाल्याने जाताना यांच्या घरी पावाचा साचा ठेवायला दिला होता, परत आल्यावर घेतो म्हणून. तो साचा खलिफा सिटीच्या त्या खोलीत कपाटावर होता. तांत तो कुणाला पुसू देत नसत.

शहराचा इतिहास त्यांनी मला घरातल्या भानगडी सांगाव्यात तसा सांगितला. ज्या ग्रीक राजाच्या नावावर हे शहर आहे, त्याने किनाऱ्यावर आराखडा आखायला घेतला तेव्हा खडू संपला, मग सैनिकांच्या शिध्यातलं पीठ घेऊन रस्त्यांच्या रेषा ओढल्या, आणि आकाशभर पक्षी येऊन ते पीठ खाऊन गेले. राजा घाबरला. जाणते म्हणाले, भिऊ नकोस, हे शहर जगाला खायला घालील. मी तांतना म्हटलं, आमच्याकडे रोज सकाळी उंबऱ्यावर पिठाने अशीच रांगोळी काढतात आणि मुंग्या-चिमण्यांनी ते खाल्लं तर चांगलं मानतात. त्या म्हणाल्या, मग तुमच्याकडे प्रत्येक बाई रोज एक शहर वसवते. हे मी त्या दिवशी संध्याकाळी अकोल्याला फोन करून आईला सांगितलं.

मुलाला दीपस्तंभ हवाच होता. जगातल्या आश्चर्यांपैकी एक, तो नाही तर शहर ओळखणार कोण, असं त्याचं म्हणणं. तांत ऐकायला तयार नव्हत्या. तो भूकंपांत पडला. त्याच जागी सुलतानाने किल्ला बांधला आणि पडलेले दगड किल्ल्यात वापरले. म्हणजे दगड कुठे गेले नाहीत, कामाला लागले. "किल्ला कर," त्या म्हणाल्या. "आमच्या शहराने रडत बसायची जागा कधी ठेवली नाही." पूर्वी किल्ल्याची ती जागा म्हणजे एक बेटच होतं, शहराने समुद्रात बांध घालून ते जोडलं, बांधाच्या दोन्ही बाजूंना गाळ साचत गेला आणि त्याची जमीन झाली. आज त्या बांधावर अख्खी वस्ती आहे, मशिदी आहेत, होड्या बांधणाऱ्यांची घरं आहेत. हिवाळ्यातल्या वादळांनाही त्यांच्याकडे नावं आहेत. एकाचं नाव झाडू, कारण ते रस्ते झाडून नेतं. कोळी त्या वादळांच्या तारखा सांगतात आणि त्या तारखांना होड्या काढत नाहीत. मी त्यांना आपल्या पावसाची नक्षत्रं आणि त्यांची वाहनं सांगितली, बेडूक, उंदीर, हत्ती. पाऊस उंदरावर बसून येतो हे ऐकून त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

पण आमची खरी गाठ पडली ती कापसावरून. लाटांचा फेस कसा दाखवावा, याचा नमुना म्हणून मी एकदा कापसाचा पुंजका घेऊन गेले होते. मखरात ढग आणि फेस दोन्ही कापसाचेच होतात. तांतनी तो हातात घेतला. दोन्ही अंगठ्यांनी धरला, मधून ओढून दोन केले, एक टाकला, उरलेला पुन्हा ओढला, पुन्हा, पुन्हा, धागे कंगव्याने विंचरल्यासारखे एका रेषेत येईपर्यंत. मग बोटाने लांबी चाचपली आणि नापसंतीने ओठ मुडपले. "आखूड," त्या म्हणाल्या.

माझे बाबा जन्मभर अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत कापूस पारखायला होते. हाच हात, हेच दोन अंगठे. रविवारी घरी उशी फाटली तरी बाबा आतला कापूस ओढून बघायचे. तांतचे वडील इस्कंदरियेच्या कापूसबाजारात तेच काम करायचे, आणि लहानपणी त्यांना शेजारी बसवून डोळे मिटून धागा ओळखायला लावायचे. नाईलच्या काठचा सगळा कापूस याच बंदरातून जगात जायचा. बाबा कधीकधी म्हणायचे, मिसरचा धागा हातात धरला की आपल्या मालाबद्दल बोलायला जागा उरत नाही. हे मी तांतना सांगितलं. त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाल्या की तुझे वडील प्रामाणिक होते. माझा थोडा अपमान झाला आणि थोडा अभिमान वाटला.

त्याच दिवशी त्यांनी मला जहाजाची गोष्ट सांगितली. सहा-सात वर्षांच्या असताना त्या वडिलांबरोबर बैरूतहून जहाजाने परत येत होत्या. पहाटे सगळे डेकवर गोळा झाले. आधी किल्ला दिसला, मग पाण्याला टेकलेली पांढऱ्या घरांची लांबच लांब वळणदार रांग. जहाज धक्क्याला लागायला अजून तास होता, तरी सगळे एकमेकांना म्हणायला लागले, वसल्ना, वसल्ना. पोचलो. वडिलांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि त्या रांगेतलं त्यांचं घर दाखवलं. इब्राहिमीया भागातली कोपऱ्यावरची इमारत, चौथा मजला, लोखंडी कठड्याची बाल्कनी. ती इमारत आता पाडली आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी ती करायची, असं ठरलं. दीपस्तंभाला नकार देणाऱ्या बाईने स्वतःपुरती एवढी सूट घेतली आणि मी ती दिली.

चार महिने आम्ही खपलो. चार मीटर लांब टेबल. नुसतं मापाने केलं असतं तर घरं उडदाएवढी झाली असती, म्हणून मी घरं मोठी धरली आणि रस्ते आवळले. किल्ला मिस्त्रींनी शिसवात कोरला. बंदराची चंद्रकोर, ट्रामचे रूळ, दोन मजली ट्रामचे डबे, नव्या ग्रंथालयाची तिरकी तबकडी, आणि तीनशेच्या वर इमारती, प्रत्येकीला खिडक्या, सज्जे, कमानी. मागे निळ्या रेझिनचा समुद्र, कडेला कापसाचा फेस, आखूड धाग्याचा. काम पुरं झालं त्या सकाळी मिस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, ह्या आपल्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम." आम्ही दोघांनी त्यावर चहा घेतला.

तांतना घेऊन मुलगा वर्कशॉपमध्ये आला. त्याने माशाल्ला, माशाल्ला करत पन्नास फोटो काढले. मी दिवे लावले. तांतची खुर्ची टेबलाला लावली आणि मी बाजूला उभी राहिले, कौतुकाची वाट बघत, हे लपवण्यात अर्थ नाही. तांतनी मान पक्ष्यासारखी तिरकी केली, एका कडेने बघितलं, मग दुसऱ्या कडेने.

"पोरी, तू फार सुंदर केलंयस," त्या म्हणाल्या. "पण हे शहर माझ्याकडे का बघतंय?"

मला कळेना. त्यांनी हात पुढे करून हवेत एक रेघ ओढली. "ते कुणाकडे बघत नाही. राजाकडे बघितलं नाही, कैरोकडे तर मुळीच नाही. ते समुद्राकडे बघतं."

मी टेबलाकडे पुन्हा बघितलं. नकाशावर उत्तर वरती, तसा समुद्र मी टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला होता. आणि सगळ्या इमारतींची तोंडं अलीकडे, बघणाऱ्याकडे. मखराचा एकच नियम असतो, सगळ्याचं तोंड भक्ताकडे. मागे कापड, पुढे देखावा. मी समुद्राचं कापड केलं होतं. तीनशे घरं ओळीने समुद्राकडे पाठ करून उभी होती आणि चार महिन्यांत ते ना मला दिसलं होतं, ना माझ्या एकाही माणसाला. लाटांकडच्या बाजूला मी सपाट, कोऱ्या भिंती दिल्या होत्या. मागची बाजू कोण बघतं!

संध्याकाळी घरी लेकीला सांगितलं तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, "आई, यू सेल सी व्ह्यूज फॉर अ लिव्हिंग." खरं होतं ते. समुद्र दिसणारा मजला लोक काय भावाने घेतात हे मला तोंडपाठ. पण अकोल्याच्या मुलीने समुद्र पहिल्यांदा बघितला तो पंचविसाव्या वर्षी, विमानाच्या खिडकीतून. माझ्यासाठी तो कायम मागेच असायचा, फोटोत असतो तसा.

मी आधी चिडले, हे कबूल करते. कुणावर, ते विचारू नका. तांतवर, नकाशा करणाऱ्यांवर, आणि नवऱ्यावर तर नेहमीप्रमाणे. नवरा शांतपणे म्हणाला की क्लायंटने पास केलंय, खलास, देऊन टाक. तांतच्या मुलाचाही फोन आला, की आईचं मनावर घेऊ नका, इट्स पर्फेक्ट. अडचण कामाची नव्हतीच. अडचण दिवसांची होती. सगळी घरं सोडवून, नवी तोंडं कापून फिरवायची म्हणजे कमीत कमी तीन आठवडे, आणि त्याच सुमारास मुलाने मला हळू आवाजात सांगितलं होतं की डॉक्टर म्हणतात, धुकं आता कडांकडे सरकायला लागलंय. म्हणजे आत्ता दिलं तर तांतना चुकीचं शहर दिसणार होतं, आणि बरोबर करून दिलं तर कदाचित काहीच दिसणार नव्हतं. त्यांचे उरलेले दिवस मी माझ्या चुकीवर खर्च करणार होते.

दोन दिवस मी हे मनात घोळवलं. मग ठरवलं की डोळे त्यांचे आहेत, त्यांनाच विचारावं. शनिवारी गेले आणि नर्सला बाहेर पाठवून सगळं जसंच्या तसं सांगितलं, चूक कशी झाली, मखर म्हणजे काय, तीन आठवडे, डॉक्टर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. कपाटावरच्या पावाच्या साच्याच्या दिशेने त्या थोडा वेळ बघत होत्या, तो त्यांना दिसत असेल-नसेल.

"माझ्या वडिलांनी खोटा धागा कधी पास केला नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनीही नाही. जा, फिरव."

मी वर्कशॉपमध्ये येऊन मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला नाही की काही नाही. मला म्हणाले, वहिनी, खेळण्यातल्या बैलाचं तोंड उलटं लागलं तर पोर घेत नाही. आमची खरी काळजी होती ती इमारती सोडवण्याची, कारण त्या पक्क्या चिकटवलेल्या होत्या. पटाशी लावली तर ॲक्रिलिक तडकत होतं. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी गळाचा तंगूस आणला, तोच नायलॉनचा दोरा ज्याने ते सुट्टीच्या दिवशी जद्दाफच्या धक्क्यावर मासे धरतात. तो इमारतीखाली घालून करवतीसारखा मागेपुढे ओढला की गोंद कापला जायचा आणि घर अलगद हातात यायचं. तीनशे घरं आम्ही तंगुसाने सोडवली. बोटांना चिरा पडल्या, सगळ्यांनी चिकटपट्ट्या लावल्या. लेझरवर नवी तोंडं कापली. मी उंचीही बदलायला निघाले होते, कारण आता समुद्राकडून बघितलं तर पुढची उंच रांग मागचं सगळं झाकून टाकत होती. तांतना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, झाकू दे. मागच्या गल्ल्या बघायच्या असतील तर लोकांनी शहरात उतरावं.

त्या तीन आठवड्यांत मला माझ्या कामाबद्दल जे कळलं ते आधीच्या पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. मी आजवर केलेला प्रत्येक टॉवर विकत घेणाऱ्याकडे तोंड करून उभा होता. हे शहर मात्र टेबलाच्या पलीकडे माझ्याकडे पाठ करून आपल्या समुद्राकडे बघत होतं आणि त्याला माझी काही पडलेली नव्हती. मला त्याचा राग यायला हवा होता. मला त्याचा फार आदर वाटला. मिस्त्री तर येता-जाता त्याला हात जोडायचे, अर्धं थट्टेने.

बावीस दिवसांनी आम्ही टेबल खलिफा सिटीला नेलं. मुलाने दिवाणखान्यात भिंतीलगत जागा केली होती, समुद्राची बाजू भिंतीला, म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्यांना शहर समोर दिसावं. मी टेबल भिंतीपासून पुढे ओढायला लावलं. मधे व्हीलचेअर मावेल एवढी जागा केली. मुलगा म्हणाला की तिथून फक्त एका माणसाला दिसेल. मी म्हटलं, इन्शाल्ला, त्याच माणसाला दिसायचंय.

तांतना आणलं. त्यांच्याकडे बघूनच मला कळलं. पूर्वी त्या मान तिरकी करायच्या, आज सरळ बसल्या होत्या. तिरकी करून काही मिळत नव्हतं आता. मुलाने भिंत आणि टेबलाच्या मधून खुर्ची आत नेली. त्यांनी विचारलं, मी कुठे आहे? मी म्हटलं, तांत, तुम्ही समुद्रात आहात. त्या म्हणाल्या की उजेड दिसतोय, आणि एक पांढरं काहीतरी. मी त्यांच्याशेजारी उकिडवी बसले. मनात एकच होतं, की बाईचे तीन आठवडे मी खाल्ले.

मग त्यांनी हात पुढे केले. रेझिनच्या थंड पाण्यावरून त्यांची बोटं सरकली आणि किल्ल्याला लागली. शिसवाचा तट, बुरूज, दरवाजा. त्या "कायतबाय" म्हणाल्या, किल्ल्याचं नाव. तिथून बोटं बंदराच्या वळणाने निघाली. घराघराला अंगठा आणि तर्जनी लावून पुढे, जशी धाग्याची लांबी चाचपतात तशी, ना घाई, ना चुकणं. प्रत्येक घराचं तोंड त्यांच्या हाताला लागत होतं, दारं, कमानी, सज्जे. त्या पुटपुटत होत्या. इथे कॅफे. इथे शिंपी. इथे ट्रामचा थांबा, पण तो मागे आहे, इथून दिसत नाही, बरोबर. सोफ्यावरची मंडळी उठून उभी राहिली होती. मला वाटत होतं की त्यांचा हात धरून त्यांना थोडं पुढे न्यावं. मी माझे हात मांडीखाली दाबून ठेवले. आधीच्या मांडणीत त्यांच्या बोटांना तीनशे कोऱ्या भिंती लागल्या असत्या.

इब्राहिमीयाला त्या हळू झाल्या. एक घर, दुसरं घर, मग कोपरा. बोटं वर चढली. एक मजला, दोन, तीन, चार. तिथे एका नखाएवढा कठडा होता, तांब्याच्या तारेचा, मिस्त्रींनी भिंग लावून वळवलेला. तांतचा अंगठा त्यावर टेकला आणि थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांची मुलगी दिसली, असं मी म्हणणार नाही. ऐंशी वर्षांची बाई दिसली, मान ताठ, कानात मोती, बाबांच्या खांद्यावर बसायची आता गरज नसलेली.

"वसल्ना," त्या म्हणाल्या.